जाप आली म्हणून सांगितलं

माझ्या वडिलांना सुसरीने गिळलं, ही बातमी मी आठवीत असताना शाळेत दिली. गणिताची परीक्षा होती आणि मला एकही उदाहरण येत नव्हतं, एवढंच कारण. सुसर केवढी, तर शेपटी खाडीच्या या तीराला आणि जबडा त्या तीराला. वडील कोट घालून, छत्री घेऊन होडीत बसलेले. सुसरीने सगळं गिळलं आणि छत्री तेवढी परत थुंकली, कारण काड्या घशाला टोचल्या. गणिताच्या मास्तरांच्या हातातला खडू गळला. शाळा अर्ध्या दिवसात सुटली. हेडमास्तर, चार मास्तर आणि वाटेत मिळत गेलेली निम्मी बाजारपेठ असं लटांबर आमच्या दारी येऊन उभं राहिलं, तर वडील पडवीत बसून सुपारी कातरताहेत.

"आपण गेल्याचं कळलं," हेडमास्तर म्हणाले.

"अजून नाही," वडील म्हणाले. "बसा."

इथवर गोष्ट हसण्यासारखी आहे, आणि आयुष्यभर मी ती इथपर्यंतच सांगत आलो. पण बातमी लटांबराच्या आधी विहिरीवर पोचली होती, आणि आई विहिरीवर होती. तिने तिथल्या तिथे काठाच्या दगडावर दोन्ही हात आपटले. बांगड्यांच्या काचा मनगटात शिरल्या. बायकांनी धरून घरी आणली तेव्हा समोर नवरा जिवंत बसलेला बघून ती हसली नाही, रडलीही नाही. त्याच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. डाव्या मनगटावरचे ते पांढरे व्रण ती सरणावर जाईपर्यंत तसेच होते.

वडिलांनी मला हातही लावला नाही. दोन दिवस ते माझ्याशी बोललेच नाहीत. तिसऱ्या दिवशी शेजारची म्हातारी पायरीवर बसून म्हणाली, "मारून काय होवचा नाय. ह्येका कातळाक घाला."

आता मी ऐकतो की बिघडलेल्या पोरांना रानात, डोंगरात नेऊन ठेवायची शिबिरं निघाली आहेत. झाडं आणि वारा पोरांना बरं करतात म्हणे, आणि त्या विद्येला लांबलचक नावही आहे. आमच्याकडे त्याला कातळाक घालणं म्हणत. दावं तोडणारं वासरू आणि हाताबाहेर गेलेला मुलगा या दोघांवर एकच उपाय: एक मोसम वरच्या सड्यावर सोडायचं. मालवणहून मिठबावकडे जाताना उजव्या हाताला जो काळाभोर जांभ्या दगडाचा माळ पसरत जातो, तो कातळ. तिथे आईच्या मामाचा मांगर होता. मांगर म्हणजे गवताने शाकारलेली एक खोप, शेजारी गुरांचा गोठा, आणि भोवती दुसरं काही म्हणजे काही नाही. त्या मामाला मी आजो म्हणत असे. श्रावणात मला त्याच्या हवाली केलं आणि वडिलांनी अट सांगितली. दिवाळीपर्यंत राहायचं. दिवाळीला आजो म्हणाला की हा खोटं बोलायचा थांबला, तर घरी न्यायचं आणि शाळेत परत घालायचं. नाही म्हणाला तर गुरंच राखायची, जन्मभर.

आजो एका कानाने ठार बहिरा होता आणि दुसऱ्याने त्याला फक्त शिव्या ऐकू येत. डोळे मात्र घारीचे. पहिल्याच दिवशी मी त्याला सांगितलं की येताना वाटेत मला सात फण्यांचा नाग आडवा आला आणि त्यातल्या तिसऱ्या फण्याने मला घराण्याचं नाव विचारलं. आजोने पेजेचा घोट घेतला.

"खोट्याक शेपूट आसता रे झिला," तो म्हणाला. "तू बोलाक लागलंस काय माका आधी शेपूट दिसता, मगे जनावर. खऱ्याक शेपूट नसता. इलो म्हणजे इलो. गेलो म्हणजे गेलो."

कातळाने मला कसं सुधारलं, ते सांगतो. कातळावर ऐकणारा नसतो. बस, एवढंच त्याचं औषध. खोटं बोलायला समोर तोंड उघडं टाकून बसलेला कुणीतरी लागतो, आणि तिथे होत्या नऊ म्हशी. पहिल्या आठवड्यात मी त्यांतल्या सर्वांत शहाण्या दिसणाऱ्या म्हशीला सुसरीची गोष्ट शेपटीपासून जबड्यापर्यंत ऐकवली. तिने शेण टाकलं. मी टिटव्यांना सांगून बघितलं. त्या सगळं ऐकून घेण्याआधीच ओरडत. मग पाऊस. समुद्रावरून राखी भिंत येताना दिसायची, आणि ती माझ्यापर्यंत पोचणार नाही असं मी स्वतःला पटवायचो. दर वेळी ती पोचली. भाद्रपदाचं ऊन पडलं की तोच कातळ असा तापे की त्यावर भाकरी भाजावी. मी भाजली आहे, आणि ती करपली. तिथे पाय भाजला तर भाजला. काटा गेला तर गेला. कुणाला काही रंगवून सांगायची सोयच नाही. दोन महिन्यांत माझी वाक्यं आपोआप तुटत तुटत गेली. आजो विचारी, "गुरां इली?" मी म्हणे, "इली." "पाणी आसा?" "आसा." आजो खूश होऊन मान हलवी. माझं मन आतून वाळून काष्ठ झालं होतं, ते त्याला दिसत नव्हतं. किंवा दिसत असेल, आणि त्यालाच तो सुधारणा म्हणत असेल.

आमच्या मांगराच्या पुढे एक खोल व्हाळ, म्हणजे ओढ्याची घळ होती, आणि व्हाळापलीकडे दुसरा गोठा. तिथे दुसरा मुलगा घातलेला होता.

तो माझ्याच वयाचा, ख्रिश्चन घरातला. खाली उताराच्या पायथ्याशी त्याच्या वडिलांची आत्या राही. तिला सगळा गाव माय म्हणे. गोठा आणि गुरं तिचीच. मुलाचा बाप आगबोटीवर कोळसे ओढायचा आणि कुठल्यातरी लांबच्या बंदरात मेला. तार आली ती या मुलाच्या हातात, कारण घरात वाचता येणारा तोच. आईने सांगितलं, वाच. त्याने मोठ्याने वाचून दाखवली. त्यानंतर त्याच्या तोंडून शब्द निघाला नाही. पाद्रीबाबांनी बघितलं, गोव्यातल्या एका डॉक्टरने बघितलं, आमच्या देवळात गाऱ्हाणंही घालून झालं. शेवटी माय म्हणाली, कातळाक घाला.

मी बोलून बोलून तिथे पोचलो होतो आणि तो न बोलून. आमच्यामध्ये व्हाळ, आणि गुरांना सोडून जायचं नाही हा नियम. तो मला दिसे तो असा: पलीकडच्या कडेला एक उभी रेघ, हातात काठी, पाठीमागे तांबडं वासरू. ते वासरू त्याच्या सावलीसारखं फिरे. तो त्याच्याशीही बोलत नसे, पण चालताना एक हात त्याच्या मानेवर असे.

कातळावर माणसं एकमेकांना कूक घालतात. तोंडाशी हात धरून लांब कूऽऽ काढायची. पलीकडून तशीच परत येते, तिला जाप म्हणतात. जाप आली की समजायचं, पलीकडचा धड आहे. रोज सूर्य समुद्राला टेकायच्या आत मी कडेला जाऊन कूक घालायची आणि त्या मुलाची जाप घ्यायची, हे माझं काम होतं. मी येण्याआधी आजो रोज स्वतः व्हाळ उतरून जाऊन मुलाला बघून येई. माझे कान मिळाले आणि त्याने आपल्या गुडघ्यांना सुट्टी दिली.

मी जाप आली असं सांगितलं की आजो आपला पांढरा पंचा मांगरामागच्या उंच बांबूला चढवी. मायच्या अंगणातून तिचा गोठा दिसत नसे, पण आमचा बांबू दिसे. तिचे पाय सुजलेले. दिवसातून एकदाच, सकाळी पेज घेऊन, ती चढण चढू शके. संध्याकाळी पंचा दिसला की पोर गुरं घेऊन सुखरूप परतलं असं समजून ती तेर्स म्हणायला बसे. तेर्स म्हणजे त्यांची संध्याकाळची माळ.

"पंचो दिसलो काय माझो दिस संपलो," ती म्हणे.

पहिले पंधरा दिवस पलीकडून जाप आलीच नाही. मी कूक घालायचो आणि तो फक्त काठी वर करायचा. तेवढंही चालत असे. मग एका संध्याकाळी, पाऊस नुकताच निवळलेला, सगळ्या कातळावर इवली जांभळी फुलं आलेली, त्याचं वासरू चुकलं. त्याला ते सापडेना. तो कडेने पळत होता, तोंड उघडत होता, मिटत होता. आणि मग त्याच्यातून आवाज निघाला. कूक नव्हती ती. मडकं फुटावं तसा आवाज. पण वासरू आलं. दुसऱ्या दिवशी मी कूक घातली तेव्हा त्याने जाप दिली, फाटकी, अर्धी, मध्येच तुटलेली. मी धावत जाऊन आजोला सांगितलं.

आजो माझ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिला, शेपूट शोधत. "खरा?"

"खरा."

आजोने पंचा चढवला आणि मग, मी त्याला असं करताना कधीच पाहिलं नव्हतं, खाली बसून दोन्ही हातांनी तोंड पुसलं. सकाळी मायला सांगितलं तर ती पेजेचं मडकं तसंच हातात धरून उभी राहिली. नवरात्रापर्यंत त्याची जाप इतकी स्वच्छ झाली की दोन व्हाळांपलीकडे जावी. माय म्हणू लागली, नाताळाक बोलतलो. नाताळाक माझा पोर आपल्या आयेक हाक मारतला. आजो म्हणे, घाय करू नको गो, कातळाक करूंदे. आणि मला वाटे, हे माझ्या कूकेने झालं. हे मी केलं. आयुष्यात पहिल्यांदा मी सांगितलेली बातमी खरी होती आणि लोक तिच्यावर रडत होते.

दिवाळीला आठ दिवस उरले. आजो माझ्याविषयी काय सांगणार, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं. महिनाभर मी एकही थाप मारलेली नव्हती. त्याला कारणही नव्हतं म्हणा.

त्या दिवशी दुपारी कातळाच्या पश्चिम कडेवरून मला खाली किनाऱ्यावर रापण ओढताना दिसली. समुद्रात लांब अर्धवर्तुळात टाकलेलं जाळं, आणि दोन्ही दोरांना पन्नास-साठ माणसं. पन्नास-साठ माणसं. मी दोन महिने आजो, सकाळची माय आणि नऊ म्हशी यांच्याशिवाय कुणाचं तोंड जवळून पाहिलं नव्हतं. गुरं मांगराजवळ होती, आजो झोपला होता. मी उतरलो.

मी दोराला हात लावला, आणि दहा मिनिटांत तोंड सुटलं. काय सुटलं म्हणता. सुसर या वेळी अशी वाढली की तिच्या पाठीवर माड उगवले होते आणि त्यांवर माकडं होती. छत्री थुंकल्यावर तिला ठसका लागला आणि त्या वाऱ्याने देवगडची गलबतं रत्नागिरीला लागली. माणसं दोर ओढता ओढता वाकून हसत होती. एक म्हातारा रापणकार म्हणाला, "मेल्या, गप बस, जाळां सुटात." आणि कुणीतरी म्हणालं, नको, बोल, बोल. जाळं वर आलं, वाटे पडले, कुणी माझ्या हातावर चार बांगडे ठेवले, तरी मी बोलतच होतो. मान वर केली तेव्हा सूर्य गेला होता.

मी बांगडे वाळूत टाकले आणि चढण धावत चढलो. मांगराशी पोचलो तेव्हा उजेड नुसता नावाला होता. आजो बांबूखाली बसला होता, पंचा मांडीवर. मी व्हाळाच्या कडेवरून येतोय असंच त्याला वाटलं.

"उशीर झालो," तो म्हणाला. "कूक घातलंस?"

"घातलंय."

"जाप इली?"

मी नाही म्हणालो असतो तर का नाही ते सांगावं लागलं असतं. रापण निघाली असती, सुसर निघाली असती, दिवाळी गेली असती. रोज जाप येते, आजही आली असेल, कातळावर काय होणार आहे.

"इली," मी म्हणालो.

शेपूट नव्हतं. दोन महिने कातळाने माझ्याकडून जे घोटून घेतलं होतं, ते त्या एका शब्दात उतरलं. इली म्हणजे इली. आजोने घारीच्या डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं, त्याला काहीच दिसलं नाही, आणि त्याने पंचा वर चढवला.

सकाळी माय पेज घेऊन गोठ्याशी गेली तर गुरं बाहेरच उभी, एकालाही दावं नाही. माळ्यावरचं घोंगडं घडी घातलेलं. तिने पलीकडून मारलेल्या हाका बहिऱ्या आजोलाही ऐकू आल्या. मग गावातून माणसं वर आली, चारी दिशांना गेली. त्याला शोधून दिलं ते वासराने. ते जुन्या चिरेखाणीच्या काठावर उभं होतं आणि हलत नव्हतं.

चिरे काढून सोडलेली ती खाण पुरुषभर खोल, पावसाचं पाणी अजून कमरेएवढं. काठावर गवत इतकं दाट की खाण कुठे सुरू होते ते कळतच नाही. वासराला मागे ओढायला गेला असेल. पाय मांडीपाशी मोडला होता. तो भिंतीला टेकून बसलेला होता, छातीपर्यंत पाण्यात, तोंड वर, आणि दोन्ही हात अजून तोंडाच्या दोन बाजूंना होते. आखडले होते तसेच. वर काढतानाही ते खाली येईनात.

माझ्या गोष्टींत मी माकडं, माड, काय वाटेल ते घालतो. यात मी काही घातलेलं नाही.

खालच्या उतारावर गवत कापणारी एक बाई गर्दीत उभी होती. ती तोंडावर पदर धरून सांगत होती, "मियां आयकलंय. कूक येय होती, दिस बुडल्यार सुद्धा. दोन-तीनदा आयकलंय. माका वाटला, पोरां खेळतत. मगे वर पंचो दिसलो. म्हटलंय, बरा आसा सगळा."

सगळी माणसं वळून आजोकडे बघू लागली. सगळ्या उतारावर तो पंचा दिसला होता. कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, बहिऱ्या माणसाने दुसऱ्याच्या पोराची राखण घ्यावीच कशाला.  मायने विचारलं, "जाप कोणी आयकली?"

मी आजोपासून हातभर अंतरावर उभा होतो. माझं तोंड, जे जन्मात कधी बंद पडलं नव्हतं, ते बंद पडलं होतं.

"मियां," आजो म्हणाला. "मीच आयकलंय. झिलाक मियां पाठवूकच नाय. वारो पडलेलो, म्हटलं आज माकाच ऐकू येयत. टिटवी आसात ती. माकाच भास झालो."

मला शेपूट दिसलं. वारा पडलेला, टिटवी असेल. सत्तर वर्षांत त्या माणसाने बहुधा पहिल्यांदाच खोटं बोलून बघितलं होतं आणि ते त्याला धड जमलं नव्हतं. पण त्याच्यावर कुणाचा संशयच नव्हता, त्यामुळे ते कुणाला दिसलं नाही. त्याने माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. तेव्हाही नाही, घरी जाताना नाही, उरलेले आठ दिवस नाही. तो मला पेज वाढी आणि म्हणे, "जेव."

दिवाळीला वडील आले.

"काय? सुधारला?" त्यांनी विचारलं.

"सुधारलो," आजो म्हणाला. "आता कमी बोलता."

मी गेलो. शाळेत गेलो, मॅट्रिक झालो. आईने मला जवळ घेतलं तेव्हा तिचं मनगट माझ्या गालाला लागलं. कातळाने पोरगं सुधारलं, असं आमच्या पेठेत पुढे कित्येक वर्षं सांगत. एकदोन आयांनी आपले मुलगेही वर धाडायचा विचार केला, पण आजोकडे नाही. आजोकडे त्यानंतर कुणी मूल पाठवलं नाही, गुरंही नाही. माय त्याच्या सावलीला उभी राहिली नाही. बांबू त्याने स्वतःच कोयतीने तोडला. दोन पावसांनी तो गेला तेव्हा मायच्या वाडीतून कुणी आलं नाही. मीही वेळेवर पोचलो नाही. बस चुकली असं मी घरी सांगितलं.

एक गोष्ट वर सांगायची राहिली, राहिली म्हणजे मी ठेवली. त्या संध्याकाळी चढण चढताना मला कूक ऐकू आली होती. नेहमीच्या जागेवरून नव्हे. उत्तरेकडून, खाणीच्या बाजूने, बारीक. मी एक क्षण थांबलो. जाप दिली असती तर आजोला नाही, पण कुणालातरी कळलं असतं की मी समुद्राच्या बाजूने येतोय. आणि मला वाटलं, आवाज येतोय म्हणजे जिवंत आहे, म्हणजे काही खोटं सांगावं लागणार नाही. मी पुढे चढलो. तेव्हा जाप आली होती असं मी म्हणालो, ते अगदीच खोटं नव्हतं, असं मी पुढची दहा वर्षं स्वतःला सांगितलं. कूक त्याची होती. जाप द्यायची होती ती मी.

पुढे मी रेडीला, बोटींवर लोखंडाची माती भरायच्या कामावर कारकून म्हणून लागलो. गोवा सुटून चार-पाच वर्षं झाली होती. तोवर थापाड्या म्हणून माझं नाव वैभववाडीपर्यंत पोचलं होतं. लग्नकार्यात लोक मला मुद्दाम बोलावत. मी अशाच थापा मारायचो ज्यांवर शेंबडं पोरही विश्वास ठेवणार नाही. पटण्यासारखं खोटं बोलायची मला भीती बसली होती. बायको विचारी, जेवलात का, तर न जेवता जेवलो म्हणायची माझी छाती होत नसे.

आणि एक दिवस मी मायकडे गेलो. का त्या दिवशी, ते मला सांगता येणार नाही. ती अंगणात माच्यावर बसली होती, आंधळी नव्हे पण त्या वाटेवर. मी नाव सांगितल्यावर हसली. "तू काय रे, सुसरवालो?"

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. रापण, उशीर, चढणीवरची कूक. इली, हा शब्द. आजोला काहीच ऐकू आलं नव्हतं, तो माझ्यासाठी बोलला. एकही शेपूट लावलं नाही. मी इतकं उघडं वाक्य आधी कधी बोललो नव्हतो आणि नंतरही नाही.

ती ऐकत होती. तिचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. मग ती म्हणाली, "ह्यां खोटां."

"माय, खरा सांगतंय."

"खोटां. म्हाताऱ्यान माझ्या तोंडार सांगितल्यान, माका भास झालो म्हणून. दोन वर्सां तेका मियां पाणी विचारूक नाय. तो मेलो, मियां गेलंय नाय. माती दिवक नाय, फूल दिवक नाय." तिने श्वास घेतला. "आता तू येतंस आणि सांगतंस, तेचो काय गुन्हो नाय होतो. मगे मियां काय करू? खंय जावन सांगू तेका?"



"थापाडो तू," ती म्हणाली, हलक्या आवाजात, जवळजवळ लाडाने. "सगळ्या गावाक ठावक आसा. अशी फट परत कोणाक सांगू नको. ऐकलंस?"

"ऐकलंय."

मी उठू लागलो तर तिने माझा शर्ट धरला. तिची बोटं विलक्षण घट्ट होती. "बस. इलंस तर ती सुसरीची सांग. तुझ्या बापाशीची. ती बरी आसा."

मी बसलो आणि सांगितली. शेपटी या तीराला, जबडा त्या तीराला. माड, माकडं, सगळं. छत्रीपाशी आलो तेव्हा ती हसली, दात नसलेल्या तोंडाने, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि ते पाणी तिने पुसलं नाही. मी आणखी वाढवत गेलो. थांबायचं कसं ते मला कळेना. देवगडची गलबतं रत्नागिरीला लावून झाली तोवर ऊन माडांच्या शेंड्यांवर गेलं होतं.

"पुरे," माय म्हणाली. "तेर्साचो वेळ झालो."

ती माच्यावरून उतरली, आणि आत जायच्या आधी, सवयीने, हात कपाळावर धरून वर सड्याकडे बघत उभी राहिली.